एक ओळ जास्त

जयस्तंभाकडून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर मनस्विनीची रक्त तपासायची लॅब होती. पुढे काचेचं दार, आत सुई टोचायची खोली आणि मागे फणसाच्या सावलीत लांबट पडवी. साखर तपासायला येणाऱ्यांची या पडवीशी चांगलीच ओळख असायची. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग घरून आणलेला डबा तिथेच बाकावर बसून खायचा आणि दोन तासांनी पुन्हा हात पुढे करायचा. त्या दोन तासांत माणसं एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करायची. गुडघे, पित्त, व्याह्यांची बायपास. निरोगी माणूस इथे बसला तर दुपारपर्यंत आजारी पडेल, असं मनस्विनीला वाटायचं.

दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणारी ही बाई सकाळच्या चहाबरोबर न चुकता एक कविता वाचायची. त्यात हळवं काही नाही, डोळे धुतल्यासारखं वाटतं एवढंच, असं ती सांगे. एका सोमवारी तिनं घरातली वाचून झालेली पुस्तकं आणून पडवीत ठेवली. आधी कुणी हात लावला नाही. मग गोळपला आंब्याची बाग राखणाऱ्या चारुदत्तकाकांनी एक पुस्तक पंख्यासारखं वारा घ्यायला उचललं, मध्येच उघडलं आणि वारा घ्यायचे थांबले.

"मनस्विनी, हे घरी नेऊ का गो? बागेत बसून वाचीन. राखण्याला तरी काय काम असतं?"

तिथून गाडी सुरू झाली. संगमेश्वरच्या आतल्या गावाहून एसटीनं येणारी काशी अक्षर लावत लावत मोठ्यानं वाचायची आणि बाकीचे ऐकायचे. कंटाळा आला की मनस्विनी खेळ काढायची. विषय ठरवायचा, बाकाच्या टोकापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकानं एकेक ओळ म्हणायची. चाचण्यांचे दर लिहायचा पांढरा फळा तिनं पुसून पडवीत टांगला, त्यावर सगळ्या ओळी उतरायच्या. काशी तर आपली ओळ फोनवरून मुंबईत वॉचमन असलेल्या नवऱ्याला ऐकवू लागली. एकदा त्यानं उलट एक ओळ सांगितली, तेव्हा ती घावनाचा घास हातात तसाच धरून किती तरी वेळ हसत बसली.

या मंडळींत कुसुमबाई होत्या. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेलेला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि हातापायांतली ताकद परतली तरी शब्द परतले नाहीत. 'हो' आणि 'नको' एवढेच उरले. त्यांची लेक आर्या त्यांना घेऊन यायची. खेळात त्यांची पाळी आली की आर्या हळूच म्हणायची, "आईची सोडा, पुढे चला." कुसुमबाई खाली बघायच्या.

एके दिवशी विषय होता 'न्याहारी'. ओळी झाल्या, हशा झाला, मनस्विनीनं फळ्यावर उतरवल्या. शेवटची अशी होती: 'माझ्यासाठी कुणी झाकून ठेवलंय का काही?' ती लिहिताना मनस्विनीचं पेन थबकलं. मोजणं तिच्या बोटांत मुरलेलं. बोलणारी माणसं चार होती आणि ओळी पाच.

"ही कुणाची?"

"काशीची," चारुदत्तकाका म्हणाले.

"माजी नाय ओ. आर्यान म्हटलीन. मी आयकलंय ना!"

आर्यानं नकारार्थी मान हलवली. तिला ती मनस्विनीच्या आवाजात ऐकू आली होती.

सगळे हसले. मनस्विनीही हसली. कुणीतरी दोनदा बोललं असणार.

पुढच्या खेपेला विषय 'आवाज' होता. काशीनं एसटीचा भोंगा आणला, काकांनी रात्री पत्र्यावर पडणारा आंबा आणला. आणि पुन्हा एक ओळ जास्त झाली: 'बांगड्या काढून ठेवल्या, तरी हात वाजतो.' या वेळी कुणी लगेच हसलं नाही. ओळ फार सुंदर होती आणि ती आपली आहे असं कुणी म्हणेना. इतकी चांगली ओळ कोण सोडून देईल?

शंका आली की चाचणी पुन्हा करायची, ही मनस्विनीची रीत. पुढच्या वेळी तिनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाकावर ठेवला. त्या दिवशी ओळी अशा रंगल्या की काका टाळ्या देत होते. संध्याकाळी घरी तिनं ते ऐकलं. काशीची ओळ, काकांची, आर्याची, तिची स्वतःची. मग शांतता. फणसावरचे कावळे नाहीत, रस्त्यावरची रिक्षा नाही, डोक्यावरच्या पंख्याची घरघरसुद्धा नाही. एक ओळ मावेल एवढीच ती शांतता. आणि लगेच सगळ्यांचं हसणं, काकांचं "वा!", त्यात तिचं स्वतःचंही हसणं.

त्या शांततेच्या जागची ओळ तिला तोंडपाठ होती. कानांनी ऐकलेली होती. तिनं पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं, मग मोबाइल पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या सानिकाला तिनं ते ऐकवलं. चूकच झाली. सानिकाचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे बंद करा. नाहीतर मी दुसरीकडे बघते. त्या पडवीत मी एकटी जायची नाही."

सानिकासारखा हलका हात आख्ख्या रत्नागिरीत नव्हता. मनस्विनीनं बराच विचार केला, फळा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि पडवीत छोटा टीव्ही लावला. त्या सकाळी मंडळी आली, डबे उघडले आणि बातम्या बघत मुकाट्यानं खाऊ लागली. कुणीतरी गुडघ्याचा विषय काढला.

कुसुमबाई उठल्या. काठी टेकत टीव्हीपाशी गेल्या आणि डाव्या हाताच्या तळव्यानं पडद्यावर थाप मारली.

"नको!"

मग भिंतीपाशी जाऊन फळ्यावर थापा मारत राहिल्या. "हो! हो! हो!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आर्या त्यांना धरायला धावली, पण त्या तिला जुमानेनात. दारात सानिका उभी होती. तिनं हे सगळं पाहिलं, हातातले मोजे काढले आणि पुढे होऊन फळा खिळ्याला अडकवला.

"लावा मॅडम," ती म्हणाली. "मी पण बसते."

विषय काशीनं दिला. 'समुद्र'. तिच्या गावाला नदी होती, समुद्र तिला एसटीतून दिसायचा तेवढाच.

"यष्टी वळली की तो खिडकीत येऊन बसतो," काशी म्हणाली.

"माझ्या कलमांना तो मीठ लावून जातो, विचारत नाही," काका म्हणाले.

"मांडवीला गेलं की भेळ आपली आणि वारा त्याचा," आर्या म्हणाली.

सानिका लाजली. "त्याचं रक्त घेतलं तर ते निळं निघेल का?"

मनस्विनीनं आपली ओळ म्हटली. मग सगळे थांबले. कुणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येक जण वाट बघत होता.

पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता.

आणि ओळ आली. कुठून, ते कुणालाच सांगता आलं नसतं. वयस्कर बाईचा आवाज, जवळचा, थोडा दमलेला:

'समुद्र उंबऱ्यापर्यंत आला आणि...'

तिथेच थांबली.

आजवर ओळ कधी अर्धी आली नव्हती. सानिकानं मनस्विनीचा दंड घट्ट धरला. काशीनं हात जोडले.

कुसुमबाईंचे ओठ हलत होते.

त्या आपल्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे बघत होत्या. वर्गात अडलेल्या मुलीनं बाईंकडे बघावं, तशा. पुन्हा ओठ हलले. घशातून नुसती हवा आली.

"म्... म्हणा..."

"म्हणाला..." कुसुमबाईंनी डोळे मिटले. "गोडं पाणी दे."

मग काकांनी अशी काही आरोळी ठोकली की पुढच्या खोलीतली माणसं धावत आली. काशी रडत रडत हसत होती. आर्यानं आईच्या मांडीत डोकं खुपसलं होतं आणि कुसुमबाई तिच्या केसांवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "गोडं पाणी. गोडं पाणी दे." सानिकानं धावत जाऊन खरोखरच पाण्याचा तांब्या आणला. त्या दिवशी कुणाचीही दुसरी साखर वेळेवर घेतली गेली नाही.

मनस्विनीनं पूर्ण ओळ फळ्यावर लिहिली. मोजली. माणसं जितकी, तितक्याच ओळी. तिला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आतापर्यंतची ती जास्तीची ओळ कुसुमबाईंचीच असणार. कशी ते देव जाणे, पण हिशेब जुळला होता.

निघताना आर्यानं आईला विचारलंच. "आई, आधीच्या ओळी तूच म्हणत होतीस ना?"

कुसुमबाईंनी मान हलवली. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला.

"मी नाही," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर, एखाद्याच्या गुडघ्यावर थोपटावं तसं त्यांनी थोपटलं आणि काठी घेऊन निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मनस्विनी नेहमीपेक्षा लवकर आली. फळा तिनं स्वतः पुसला. पहिला माणूस हेदवीचा होता, मुलीकडे आलेला, लॅबमध्ये पहिल्यांदाच. खेळाचं त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. रक्त देऊन तो डबा घेऊन मागे गेला आणि थोड्याच वेळात परत दारात आला, डबा न उघडताच.

"मॅडम, मागे बसल्यात त्या बाई कोण?"

मनस्विनीनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. फणसाची सावली, कोरा फळा, रिकामा बाक.

"का? काही म्हणाल्या का?"

"मला विचारतायत, तुमची ओळ कुठली?" तो ओशाळून हसला. "मला काय कळेना. म्हटलं, मला नाही येत तसलं काही."

"मग?"

"म्हणाल्या, असू दे. मी थांबते."