ठेरपीचा एकर

बारामतीच्या मार्केटात हार्डवेअरच्या दुकानात मी कुलपं मागत होते. एक डझन, लहान-मोठी, सगळी वेगवेगळी. शिवाय सहा कड्या, चार नळ आणि... "शर्टाची बटणं ठेवता का हो?"

दुकानदार कपाळाला हात लावणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "एवढी कुलपं? चोर लई झालेत वाटतं तुमच्याकडं!"

मी वळून पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला, खांद्यावर ठिबकच्या पाइपचं भेंडोळं. आणि डोळ्यांत असलं मिश्कील हसू की राग यायला हवा होता... पण आला नाही.

"चोर नाहीत, पेशंट आहेत," मी म्हटलं. "त्यांना कुलूप उघडायला शिकवते मी."

"म्हंजे चोर तयार करता!"

दुकानदारही खो-खो हसला. मग मला सगळं सांगणं भागच पडलं — की मी प्राची, इथल्याच एका दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या, हाताला मार लागलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा स्वतःच्या हातानं करायला शिकवते. बटण लावणं, नळ सोडणं, घास तोंडात घालणं. ही कुलपं, कड्या एका फळीवर ठोकायच्या आणि त्यावर सराव घ्यायचा.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. "घास... तोंडात घालणं पण?"

"ते तर सगळ्यात आधी."

"मग आमच्या आबांना आणू का?"

दुसऱ्याच दिवशी घेऊन आला. राजवर्धन त्याचं नाव, उजनीच्या पाण्याकाठी पळसदेवला उसाची शेती. आबा म्हणजे त्याचे वडील, गेणबा. आठ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला होता. पाय सुधारला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. राजवर्धनची आई प्रयागबाई त्यांना भरवायच्या, म्हणून आबा चारचौघांत जेवतच नसत. लग्नाची पत्रिका आली की त्यांचं हटकून पोट दुखायचं.

"ह्या वयात मला कुलपं खेळायला लावता व्हय?" आबा गुरगुरले.

"तीन उघडलीत तर चहा."

"आन् न्हाय उघडली तर?"

"तर चहा राजवर्धन पिणार. तुम्ही नुसतं बघायचं."

आबांनी दोन उघडली. तिसऱ्याला घामाघूम झाले. मी चहा आणायच्या निमित्तानं पाठ फिरवली आणि कपाटाच्या काचेत मला दिसलं — राजवर्धननं हळूच किल्ली अर्धी फिरवून ठेवली. त्यानंही वर पाहिलं. काचेतच आमची नजरानजर झाली... आणि तो शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखा लाजला.

मग आठवड्यातून दोनदा ते यायचे. आबांच्या खुरप्याच्या मुठीला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली, म्हणजे पकड बसावी. राजवर्धन दर वेळी डाळिंबं आणायचा.

"आबांनी दिल्यात," तो म्हणायचा.

"मी? मला तर आत्ताच कळतंय!" आबा म्हणायचे.

एप्रिलमध्ये त्यांच्या भावकीत लग्न होतं. आबांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. पंगत बसली, आणि आबा सगळ्यांबरोबर पानावर बसले. उजव्या हातानं जिलबीचा तुकडा मोडला. हात थरथरत वर आला... मध्ये थांबला... आणि तोंडापर्यंत पोचला. पंगत उठली तरी आबा जेवतच होते. घाई करा असं त्यांना कुणीच म्हणालं नाही. प्रयागबाई शेजारी उभ्या राहून त्यांना वारा घालत होत्या.

राजवर्धन मांडवामागं गेलेला मी पाहिला. मीही गेले. तो डोळे पुसत होता.

"चुलीचा धूर," तो म्हणाला.

"चूल तर तिकडं आहे."

"मग... वारा फिरला असंल."

मी रुमाल पुढे केला. त्यानं घेतला, आणि परत द्यायचा विसरला. मीही मागायचं विसरले.

त्या संध्याकाळी आबांनी विचारलं, "पोरी, तुझ्यासारख्या आनखी का न्हाईत?"

"शिकायला लांब जावं लागतं आबा. पदवीनंतर तर आणखी लांब. हाताच्या उपचारांत मास्टर्स करायला मलाही नागपूरला जायचं होतं... खर्चापायी राहून गेलं."

आबांनी दोन दिवस हिशेब मांडला. गावाच्या वेशीत त्यांना आपल्या आईच्या नावानं दगडी कमान बांधायची होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती रद्द केली. रस्त्याकडेच्या एका एकरातल्या उसाचे पैसे दर वर्षी ऑक्युपेशनल थेरपीचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या एका जणाला द्यायचे, अशी शिष्यवृत्ती त्यांनी जाहीर केली. गावानं लगेच त्या रानाला नाव ठेवलं, ठेरपीचा एकर!

नियम लिहायला त्यांनी मलाच बसवलं. मी म्हटलं, "मी अर्ज करणार असेन तर निवडीत तुमच्या घरचं कुणी नको." मग निवडीसाठी इंदापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका इंदिराबाई आणि बाहेरचे दोन डॉक्टर ठरले.

"शिकून हितंच परत आलं पायजे, ह्ये बी लिव्ह," प्रयागबाई म्हणाल्या.

'शिक्षणानंतर तीन वर्षं बारामती किंवा इंदापूर तालुक्यात काम करावं.' मी लिहिलं. लिहिताना माझे कान गरम झाले. वर पाहिलं तर राजवर्धन माझ्या पेनाकडेच बघत होता.

आठ दिवसांनी छापील पत्रक आलं. सगळे नियम होते. फक्त ती एक ओळ नव्हती.

मी इंदिराबाईंना फोन केला. "राजवर्धननंच खोडली गं," त्या म्हणाल्या. "कुणाला बांधून घालू नका, म्हणाला."

मी अर्ज केला, पण मन त्यात नव्हतं. मी परत यावं असं त्याला वाटतच नव्हतं तर! मे महिन्यात निकाल लागला. माझं नाव पहिलं, सांगवीच्या माधवीचं दुसरं. पत्र घेऊन मी तडक पळसदेवची एसटी पकडली.

धरणाचं पाणी उतरलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर आणि सभामंडप उघडे पडले होते. राजवर्धन काठावर पंपाचा पाइप पुढे सरकवत होता.

"हे घ्या तुमचं पत्र. मला नको शिष्यवृत्ती."

पाइप त्याच्या हातून सुटला. "का? काय चुकलं?"

"परत यायची अट तुम्ही खोडलीत ना?"

"व्हय."

"मी परत येऊ नये म्हणून?"

"आवो, काय बोलताय..." त्यानं ओले हात शर्टाला पुसले. पाण्याकडे बघितलं, मग पायांकडे, मग माझ्याकडे. "तुमी त्या कागदावर सही केली असती. आन् मग मी काय इचारलं असतं, तर तुमाला न्हाय म्हणता आलं नसतं. आमच्या आबांचे पैसे, आमच्या घरची अट... त्यात माझं इचारणं. ते बरं दिसलं नसतं."

"काय विचारणार होतात?"

"आता न्हाय सांगणार. शिकून या. मोकळ्या मनानं या, न्हायतर येऊ नका. पर पत्र परत देऊ नका... पाया पडतो."

मला हसू आवरेना, आणि डोळे तर केव्हाच भरून आले होते. एवढा मोठा उसाचा मालक, चिखलात उभा राहून माझी विनवणी करत होता — मी लांब जावं म्हणून!

"पत्र तरीही परतच," मी म्हटलं. "पण आता कारण वेगळं आहे."

"कोणतं?"

"एकाच घरातून दोन्ही कसं घेऊ? शिष्यवृत्ती माधवीला द्या. तिचं घर माझ्यापेक्षा अडचणीत आहे. नागपूरला एका डॉक्टरांकडे संध्याकाळचं काम मिळतंय, माझे बाबाही थोडी मदत करतो म्हणालेत. ओढाताण होईल, पण जमेल. आणि शिकून आम्ही दोघी येऊ. एकीऐवजी दोघी."

"दोन्ही म्हंजे... शिष्यवृत्ती आन् काय?"

"माझ्यावर आता कसली अट नाही ना?"

"न्हाय."

"तर मग मीच विचारते. दोन वर्षांनी माझ्याशी लग्न कराल?"

तो मटकन बांधावर बसला. दूर पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, त्यातले दोन उडाले, पुन्हा उतरले...

"मॅडम—"

"प्राची."

"प्राची," तो म्हणाला. पहिल्यांदाच, आणि इतक्या हळू, की मला पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं. "दोन वर्षं लई होत्यात गं."

"म्हणजे नाही म्हणताय?"

"न्हाय कसं म्हणीन? फकस्त... दौंडवरनं नागपूरची गाडी किती वाजता असती?"

"महिन्यातून एकदा यायचं," मी दटावलं. "मला अभ्यास असेल."

"एकदाच येईन," त्यानं कबूल केलं.

पहिल्या महिन्यात तो तीनदा आला.