जाई, जुई, शेवंती बेपत्ता

चोर सापडला आणि जयरामची नोकरी वाचली.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं. सध्या नोव्हेंबरातली गार सकाळ आहे, चोर मोकळा आहे, आणि जयराम कोण हेही तुम्हाला ठाऊक नाही.

पोलीस ठाण्यातला फोन वाजला. हवालदार देवरामने तो उचलला. पलीकडे एक बाई रडत होती.

"मनी जाई गई वं माय! जुई गई! शेवंती बी गई!"

"तिघी?" देवराम ताठ बसला.

"तिन्ही! एका रातमा!"

"वय काय त्यांचं?"

"जाई-जुईला तीन वरीस झालं. शेवंती तर औंदाचीच!"

देवरामचा पेन थांबला. म्हणजे एक तान्ही होती.

पुढच्या गोष्टी फार वेगाने झाल्या. वरिष्ठांना कळवलं गेलं. शहरातल्या द्वारका चौकात नाकाबंदी लागली. द्वारकेला एरवीही वाहनं हलत नाहीत, त्यामुळे नाकाबंदी लागल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. उपनिरीक्षक चैताली गांगुर्डे चहा अर्धा टाकून निघाली. देवरामने वाटेत तान्हीसाठी दुधाची बाटली घेतली.

गाडी गोदाई कलासंग्रहालयापाशी थांबली. दारावर फलक होता: 'फूल, बाग आणि आपण : व्याख्याने व कार्यशाळा.'

दालनात इंदिराबाई सोनवणे जमिनीवर बसल्या होत्या. पुष्परचना शिकवायला त्या सटाण्याहून यायच्या. आजही पहिल्या एसटीने आल्या होत्या. समोर बांबूची एक मोठी कमान आडवी पडली होती.

"मुली कुठे होत्या शेवटच्या?" चैतालीने विचारलं.

"कुठल्या मुली?"

"जाई, जुई, शेवंती."

इंदिराबाईंनी कमानीकडे बोट दाखवलं.

चैतालीने कमानीकडे पाहिलं. मग देवरामकडे पाहिलं. देवरामने दुधाची बाटली पाठीमागे लपवली.

"मॅडम, बाई अहिराणीत रडत होत्या," तो म्हणाला.

"फुलांना वय कोण विचारतं, देवराम?"

"त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं."

खरं तर इथेच परत फिरायचं. पण नाकाबंदी लागलेली होती. वरून दोनदा विचारणा झाली होती. आता 'फुलं होती साहेब' असं कळवायचं तर सोबत निदान एखादा चोर तरी द्यायला हवा होता. चैतालीने कपाळ दाबलं आणि डायरी उघडली.

"चोर आहे ना," मागून आवाज आला. "जयराम. पहारेकरी. दालनाची किल्ली फक्त त्याच्याकडे असते."

बोलणारे दिवाकर गायधनी, संग्रहालयाचे संचालक. पांढरा सदरा, कपाळावर ताजं गंध.

"मी त्याला काढून टाकतोय. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे, त्यात सही होईल. मागची खोलीही त्याने आजच मोकळी करायची आहे."

"फुलांसाठी?"

"कमान कोसळली आहे, मॅडम. उद्या समारोप आहे. कोणीतरी जबाबदार असलंच पाहिजे."

चैतालीने आधी दालन पाहिलं. कुलूप शाबूत होतं. मागच्या बाजूला एक खिडकी होती, तिला जाड गज. फुलांना रात्री हवा मिळावी म्हणून इंदिराबाईंनीच ती उघडी ठेवायला लावली होती. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर पितळेची परात होती. तिच्यात पाण्यावर जाई, जुई आणि शेवंतीची फुलं तरंगत होती. थंडीमुळे अजून ताजी होती.

"ही कोणाची?"

"कालच्या सुगंधाच्या सत्राची," इंदिराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "डोळ्यांवर पट्टी बांधून फूल ओळखायचं. सगळ्यांच्या नाकाखालून गेलीत ती."

कमान खिडकीच्या दिशेने पडली होती. तिच्यावरचे जरबेरा जागच्या जागी. कार्नेशनही जागच्या जागी. गेली ती फक्त जाई, जुई आणि शेवंती. गजाला एक तुटका वेल लोंबत होता.

"जाई-जुईच्या कुंड्या मी तीन वर्षं वाढवल्या," इंदिराबाई म्हणाल्या. " वेल कमानीवर चढवले. शेवंती इथल्याच बागेतली. एकेका देठाला हिरवी चिकटपट्टी गुंडाळून बसवली. रात्र झाली मला."

चैताली आधी जयरामकडे गेली. बागेच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली होती. दारात त्याची बायको धोंडाबाई पातेली पोत्यात भरत होती. भरत कसली, आपटत होती.

"काल कुठे होतास?"

"द्वारकेला, मॅडम. साहेबांनी दुपारीच भाड्याच्या खुर्च्या आनायला धाडलं. टेम्पो तिथं लय अडकला. आलो तवर मान्सं घरी गेल्ती. खुर्च्या वऱ्हांड्यात ठिवल्या, कुलूप लावलं, झोपलो."

"आत गेला नाहीस?"

"नाय. आत काय चाललं व्हतं मला कायबी म्हाईत नाय."

"पहाटे कोणी आलं?"

"इथं पहाटे कोन येनार? गेट बंद हाय. आतली मान्सं फिरत्यात तेवढीच."

"यानं चोरायचंच असतं," धोंडाबाई म्हणाली, "तर खुर्च्या न्हेल्या असत्या. बसायला तरी व्हत्या. फुलं चोरतोय! लग्नाला वीस वरीस झाली, मला एक गजरा नाय आनला या बाबानं."

"आता ते कशाला?" जयराम म्हणाला.

"मग कधी? रस्त्यावर बसल्यावर?"

 पोत्यातली पातेली पुन्हा वाजली.

आल्हाद हा बागकामावरचा व्याख्याता. लांब केस, अनवाणी पाय. संग्रहालयाच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरला होता.

"पहाटे कुठे होतात?"

"समोरच्या बागेत. झाडांची माफी मागत होतो."

"कशाबद्दल?"

"त्या कमानीसाठी काल अख्खी बाग ओरबाडली यांनी. एक कळी ठेवली नाही. बोडकी केली. तुम्ही बघा."

चैतालीने पाहिलं. खरंच, बागेत फक्त पानं होती.

"तुम्हाला तिथे कोणी पाहिलं?"

"झाडांनी."

देवरामने लिहिलं: साक्षीदार, झाडे.

"खोड ते," चैताली म्हणाली. "काही आवाज आला?"

"मागच्या बाजूला काहीतरी धाडकन पडलं."

"मग उठून बघितलं नाहीत?"

"मला वाटलं माझा अहंकार पडला. मी डोळे मिटूनच होतो."

चैतालीने दहा अंक मोजले. मनातल्या मनात. मग आणखी दहा.

"देवपूजा करता?"

"मी ओलावा मानतो," आल्हाद म्हणाला.

संचालकांची खोली नीटनेटकी होती. टेबलावर छोटा गणपती, त्याच्यापुढे फुलांची रास. दारामागच्या खुंटीवर वाकड्या मुठीची काळी छत्री.

"नोव्हेंबरात छत्री?"

"ऊन लागतं मला."

"तुम्ही कार्यक्रमाला बसता?"

"मी प्रशासनाचा माणूस. मला फुलांतलं काही कळत नाही. काल सुगंधाच्या सत्राचं उद्घाटन तेवढं केलं. पट्टी बांधून पहिलं फूल मीच हुंगलं."

"ओळखलंत?"

"मी कोथिंबीर म्हणालो. ती शेवंती निघाली." ते किंचित थांबले. "टाळ्या झाल्या."

"पूजा रोज करता?"

"कधीही खंड नाही. मी आवारातच राहतो, पहाटे ऑफिस उघडून पहिलं काम ते. बागेतलं ताजं फूल, स्वतःच्या हाताने तोडलेलं. बाजारचं चालत नाही मला." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पण मॅडम, तुम्ही माझीच चौकशी काय करताय? किल्ली जयरामकडे आहे. आणखी काय पाहिजे?"

 ती गणपतीला नमस्कार करायला वाकली, आणि नमस्कार लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

दुपारी तिने सगळ्यांना दालनात बोलावलं. जयराम दाराशी उभा राहिला. धोंडाबाई त्याच्यामागे, कमरेवर हात ठेवून.

"मला लवकर संपवायचं आहे," चैताली म्हणाली. "द्वारकेला अजूनही प्रत्येक गाडीची डिकी उघडून तान्हं बाळ शोधतायत. तेव्हा मध्ये कोणी बोलू नका. विशेषतः ओलाव्याबद्दल."

आल्हादने मान डोलावली.

"पहिली गोष्ट. चोर आत आलाच नाही. कमान खिडकीकडे पडली. वेल गजाला अडकला. कोणीतरी बाहेरून काहीतरी वाकडं आत घालून वेल ओढले. आता सांगा, ज्याच्या खिशात किल्ली आहे तो माणूस गजांतून हात घालून लोंबकळेल कशाला?"

"हेच मी सकाळपास्नं म्हनतेय," धोंडाबाई म्हणाली. तिने तसं काही म्हटलं नव्हतं.

"दुसरी गोष्ट. जरबेरा राहिले, कार्नेशन राहिले. जी फुलं आपल्याकडे देवाला वाहत नाहीत ती सगळी राहिली. म्हणजे चोराला सजावट नको होती. त्याला पूजा करायची होती."

दिवाकर गायधनींनी सदऱ्याची बाही नीट केली.

"तिसरी गोष्ट ही परात. खिडकीच्या कट्ट्यावर, गजांतून नुसता हात घातला की मिळेल अशी. यात जाई आहे, जुई आहे, शेवंती आहे. तरी चोराने परात सोडली आणि एवढ्या लांबची कमान ओढली. का?"

 मग इंदिराबाईंचा हात हळूच तोंडावर गेला.

"ती हुंगलेली होती," त्या म्हणाल्या. "वास घेतलेलं फूल देवाला कोण वाहील!"

"बरोबर. पण परातीतल्या फुलांवर तसं लिहिलेलं नाही. ती हुंगलेली आहेत हे फक्त सत्रात बसलेल्यालाच माहीत. जयराम तेव्हा द्वारकेला अडकला होता. त्याने परातच उचलली असती. तुमच्या शिकाऊ मंडळींचं म्हणाल तर ती संध्याकाळीच घरी गेली, आणि गेट बंद होतं. म्हणजे पहाटे आवारात असणारा, सत्रात बसलेला आणि पूजा करणारा माणूस हवा. इंदिराबाई सटाण्याच्या एसटीत होत्या. आल्हाद देवापुढे फूल ठेवत नाहीत, ते झाडापुढे स्वतःलाच ठेवतात."

"धन्यवाद," आल्हाद म्हणाला.

"राहता राहिले रोज बागेतलं फूल स्वतःच्या हाताने तोडणारे गृहस्थ. साहेब, आज बागेत एकही फूल नव्हतं. मग तुमच्या गणपतीपुढची शेवंती कुठून आली?"

"ती... बाजारची असेल."

"बाजारचं तुम्हाला चालत नाही. आणि बाजारवाले देठाला हिरवी चिकटपट्टी गुंडाळत नाहीत. मी वाकून पाहिलं. देवराम, ती छत्री आण."

देवरामने छत्री आणली. वाकड्या मुठीच्या सांध्यात जाईचं एक पान अडकलेलं होतं.

  गायधनी जरा दुखावल्यासारखे दिसले.

"मॅडम, तुम्ही चोरी हा शब्द फार सहज वापरताय," ते म्हणाले. "देवाला नेलेलं फूल चोरी कसं होईल? माझी पूजा आजवर चुकलेली नाही. बाग रिकामी होती. फुलं आत होती. मी चारच घेणार होतो. छत्री अडकली, ओढली, तर सगळं गजांवर आलं. आता हाताशी आलेलं तिथेच टाकून कसं जायचं? तेही वाहिलं."

"आणि जयराम?"

"ते वेगळं. फुलं घेणं ही पूजा झाली. पण कमान पडणं पूजेत बसत नाही. त्याला कोणीतरी लागणार होतं."

"म्हनून माझी पातेली पोत्यात?" धोंडाबाई पुढे आली. "तुमचा गनपती उपाशी ऱ्हाऊ नये म्हनून आमी रस्त्यावर?"

"बाई, तुम्ही देवाला मध्ये आणू नका."

"मी आनला?"

जयरामने तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला.

चैतालीने हात पुढे केला. "तो कागद."

"कुठला?"

"जयरामला काढायचा. खिशात आहे तुमच्या, वरून दिसतोय."

गायधनींनी बराच विचार केला.  मग कागद बाहेर आला. चैतालीने तो फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे परातीत टाकले.

"विश्वस्तांना संध्याकाळी तुम्ही स्वतः सांगायचं, कमान कोणी पाडली ते. इंदिराबाईही बसतील बैठकीला. देवराम दाराशी उभा राहील."

"बाटली घेऊन?" देवरामने विचारलं.

"पी ती आता."

"मना वेल?" इंदिराबाईंनी विचारलं. "मना फुलं परत भेटतीन का?"

"देता येणार नाहीत," गायधनी म्हणाले. "एकदा वाहिलं की ते देवाचं."

गुन्हा दाखल करायला इंदिराबाईंनी नकार दिला. त्यांना उद्याच्या समारोपासाठी कमान उभी करायची होती, आणि त्यात पोलीस नको होते. वरिष्ठांनी मात्र लेखी खुलासा मागितला. चैताली ठाण्यात आली तेव्हा सकाळचा चहा तसाच होता, वर साय धरून. तिने कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

'विषय : जाई, जुई, शेवंती बेपत्ता प्रकरण. महोदय, वरील तिन्ही व्यक्ती नसून फुले असल्याचे तपासात निष्पन्न झाले आहे. द्वारका येथील नाकाबंदी उठवावी. निरपराध पहारेकरी श्री. जयराम यांची नोकरी व खोली कायम आहे. संबंधित इसमाने फुले नेल्याचे मान्य केले असून चोरी मान्य केलेली नाही. मुद्देमाल देवाने स्वीकारलेला असल्याने तो जप्त करता येत नाही, व स्वीकारणाऱ्याचा जबाब नोंदवता आलेला नाही.

सबब, शहरातील सर्व लहानमोठ्या देवांना विनंती करण्यात येते की, यापुढे पहाटेच्या सुमारास वाहिले जाणारे कोणतेही फूल, ते कोणाच्या कुंपणातून आले याची खातरजमा केल्याशिवाय स्वीकारू नये. संशयास्पद फूल आढळल्यास वाहणाऱ्यास जागेवरच थांबवून ठेवावे. व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल या ठाण्यास समक्ष हजर राहून सादर करावा.'