तिसरं कडवं

नव्या घरातलं एकही कपाट धड बंद होत नव्हतं. यांनी प्रत्येक दारात कागदाची घडी कोंबली आणि छप्पर मिळालं म्हणून देवाचे आभार मानले. मी त्या सुताराचा मनसोक्त उद्धार केला. आमच्या संसारात कामाची वाटणी ही अशी. हे, म्हणजे माझे पती, पाळक. आणि मी शाळेत गाणं शिकवणारी बाई. सुवार्तेच्या कामासाठी मिशनने आम्हाला एवढ्या लांब परदेशात धाडलं, तेव्हा यांनी बॅगेत आधी तिथल्या भाषेचं पुस्तक टाकलं, आणि मी पायपेटीच्या दुरुस्तीचं सामान.

तिसरी आमची मिठू. शाळेचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडवून आणलेली. तोंडाचा पट्टा झोपेतही चालू. आम्हा दोघांना इथली भाषा कामापुरती यायला लागली होती, पण तिची भाषा इथे कुणाला कळेना, म्हणून ती किटलीशी, जिन्याशी, स्वतःच्या मोज्यांशी बोलायची. “आई, डाव्या मोज्याला मराठी येतं. उजवा जरा मठ्ठ आहे,” असं तिने एकदा मला गंभीरपणे सांगितलं. मी हसले खरी, पण बोलायला माणूस नाही म्हणून पोरगी मोज्यांशी बोलतेय, हे काही मला बरं वाटलं नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने सरळ चर्चमध्ये जाता यायचं. दगडी फरशी, उंचावर लहान खिडक्या, ओलसर गीतपुस्तकांचा वास आणि कोपऱ्यात जुनी पायपेटी. तिचा भाता फाटला होता. मी माझ्या पर्सचं चामडं कापून ठिगळ लावलं. चर्चच्या चाव्या सांभाळणाऱ्या बाई, आमच्या घरात त्यांचं नाव चावीबाई पडलं, ते काम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी बहीण असायची. केस पिकलेले, चेहरा शांत. लहानपणापासून तिला बोलता येत नाही, असं चावीबाईंनी सांगितलं.

पहिल्या रविवारी चर्च भरलं होतं. गीताची चाल माझ्या ओळखीची, त्यामुळे मी निर्धास्त होते. दोन कडवी मंडळींनी छप्पर उडेल अशी गायली. तिसऱ्याला सगळ्यांची तोंडं मिटली. पुस्तकं उघडी, नजरा फरशीवर, आणि मी एकटी पेटी वाजवतेय. माझंच काही चुकलं, या विचारात मला दुसरं काही ऐकू येईना. कडवं संपलं, आणि चौथं सगळ्यांनी एकदम उचललं, काही झालंच नाही अशा थाटात.

घरी आल्यावर हे येरझाऱ्या घालायला लागले. “अगं, सगळा अर्थ त्या तिसऱ्या कडव्यात आहे! आणि तेच गाळतात?”

चावीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तिथे आम्ही गात नाही.”

“पण का?”

“नाही गात.” त्या बाकं पुसायला लागल्या. पुसलेलीच बाकं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी एकटी सराव करत होते. तिसऱ्या कडव्याला पेटीच्या सुराखाली एक आवाज लागला. बारीक, लहान मुलीचा. माझा कान तिखट आहे. पेटीच्या आतली एखादी सुराची पट्टी धुळीचा कण अडकून गुणगुणते, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. हा तो नव्हता. या आवाजाला शब्द होते. मी पाय थांबवले. भात्यातली हवा संपली, पेटी गप्प झाली, आणि आवाजाने ओळ पूर्ण केली.

मागची फळी काढून पाहिली. आत धूळ होती, बाकी काही नाही.

“भात्यात हवा राहिली असेल,” हे म्हणाले. मी मान डोलावली. मला ते पटायलाच हवं होतं.

पण यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मंडळींना कुणीतरी वळण लावायला हवं. पाळकाच्याच लेकीने ते कडवं एकटीने गायलं, तर हे लोक लाजून तरी गातील. मिठूने शब्द चुटकीसरशी पाठ केले. मला धाकधूक होती, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही होता. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी ऐकणार होतं.

रविवारी ती माझ्या पेटीशेजारी उभी राहिली आणि गायली. स्वच्छ, न घाबरता. पहिल्या बाकावरच्या एका आईने आपल्या मुलाच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता. चावीबाई डोळे पुसत होत्या.

उपासना संपल्यावर सगळे आमच्यापाशी आले. तोवर लांबून मान हलवणारी माणसं आमचे हात हातात घेऊन सोडेनात. यांचा चेहरा फुलला. “बघितलंस?” ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिठूचा घसा बसला. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, गळ्याला मफलर गुंडाळला. पुढे तिचं नुसतं कुजबुजणं उरलं, आणि एका सकाळी तेही गेलं. ओठ हलायचे, श्वास यायचा, आवाज नाही. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं. घसा अगदी निरोगी. घरी ती मोजे मांडीवर घेऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“मीच तिला उभं केलं,” हे म्हणाले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडले.

मी चावीबाईंचं घर गाठलं. दार त्यांच्या बहिणीने उघडलं.

“या ना,” ती म्हणाली.

 पिकल्या केसांची ती बाई माझ्याशी बोलत होती, लहान मुलीच्या आवाजात. त्या दुपारी पेटीच्या सुराखाली ऐकलेल्या आवाजात.

“तुमची मुलगी छान गाते,” ती म्हणाली. “मला तिथे शेवटच्या ओळीला श्वास पुरायचाच नाही.”

आतून चावीबाई आल्या. त्यांना माझ्याकडे बघवेना.

“इथून निघून गेलो तर?” मी विचारलं.

“तुम्ही जाल,” त्या म्हणाल्या. “आवाज इथेच राहील.”

पुढच्या रविवारी तिसरं कडवं आलं. सगळ्यांनी तोंडं मिटली. मी वाजवत होते, आणि माझ्या मिठूचा आवाज पेटीतून गात होता.

मिठू माझ्या शेजारी बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

गीत संपलं. मी उठून सांगितलं की आजपासून मी मुलांना गाणं शिकवणार आहे. हे चमकून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर खाली घातली.

सगळ्या आयांनी आपापली मुलं जवळ ओढली.

शेवटच्या बाकावर एक कुटुंब होतं. कालच कुठूनसं राहायला आलेलं, इथली भाषा नीट न कळणारं. आईने कौतुकाने मुलीला पुढे ढकललं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. माझ्यापाशी येईपर्यंत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. सुरात होती.

मिठू तिच्याकडे बघून मान हलवायला लागली. नाही, नाही, नाही. तिने त्या मुलीचा हात धरला, तिला दाराकडे ओढायला लागली.

मी मिठूची बोटं एकेक करून सोडवली.

“ये बाळा,” मी त्या मुलीला म्हणाले. “आपण तिसऱ्या कडव्यापासून सुरुवात करू.”