हात लावू नये

सुवर्णा गेली हे नागनाथ बिराजदारांना कळलं, तेव्हा ती गेलेली नव्हती.

हे वाक्य त्यांनी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि चहा मागवायचे. पण झालं ते असंच झालं.

शनिवारची सकाळ होती. तालुक्याच्या शल्यकेंद्रात सुवर्णाच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. एव्हाना असलं ऑपरेशन म्हणजे दाढ काढण्याइतकं साधं झालं होतं. सकाळी आत, संध्याकाळी घरी. आत जाताना तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "दुकान उघडा जाऊन. इथं बसून माझी भूल उतरणार नाही." नागनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. ते उघडायला गेले नाहीत. मुलगी शिवलीला सातव्या महिन्यात होती, तरी आईसाठी आली होती. दोघं बाकावर बसून होते.

भूल देणारे डॉक्टर इनामदार बाहेर आले. तिशी नुकतीच ओलांडलेली, चेहरा पांढराफटक.

"अप्पा, काकू गेल्या. फुप्फुसात गुठळी अडकली. यंत्रानं निरुपाय दाखवला."

शिवलीला खाली बसली ती उठेना. अप्पांना रडू आलं नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चांदीची डबी होती. सुवर्णाच्या गळ्यातलं लिंग. लिंगायतांमध्ये ते जन्मापासून मातीपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. ऑपरेशनला धातू चालत नाही म्हणून तिनं ते नाइलाजानं काढून नवऱ्याकडे दिलं होतं.

"मला आत जाऊ द्या," अप्पा म्हणाले.

"थोड्या वेळानं बाहेर आणतील त्यांना. मग..."

"लिंगाशिवाय तिला एक क्षण ठेवणार नाही मी. आमच्यात चालत नाही."

इनामदार आडवे आले नाहीत. आत दिवे चालू होते. यंत्राचा पडदा काळा झाला होता. सुवर्णाच्या तोंडात नळी तशीच होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती. एक सिस्टर हत्यारं गोळा करत होती. शेजारच्या खोलीत पुढचा पेशंट घेतल्याचा आवाज येत होता.

अप्पांनी तिची मान उचलून दोरा मागे बांधला. डबी छातीवर नीट बसवताना त्यांची बोटं जबड्याखाली टेकली. बोटांखाली ठोका लागला. त्यांनी श्वास धरला. पुन्हा लागला.

"सिस्टर, नाडी लागतेय हिची."

"तसं वाटतं, काका. आपल्याच बोटातली असते ती."

"मग तुम्ही बघा लावून."

सिस्टरनं दोन्ही हात मागे घेतले. चटका बसल्यावर घ्यावेत तसे. तिनं इनामदारांना हाक मारली. ते आले, त्यांनी आधी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. सुवर्णाकडे पाहिलं नाही.

"अप्पा, चला बाहेर."

"हात लावा डॉक्टर. एकदा लावा आणि मग सांगा."

दोन वॉर्डबॉयनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. त्या खोलीत हातमोजे घातलेले चार हात होते. एकही तिच्या मानेपर्यंत गेला नाही.

ते यंत्र काय होतं हे इथं सांगितलं पाहिजे. त्याचं सरकारी नाव अग्रदर्शक. दवाखान्यातली माणसं त्याला आगाऊ म्हणत. पूर्वी भूल दिलेल्या माणसाची नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातला प्राणवायू हे सगळं पडद्यावर दिसायचं, ते त्या क्षणाचं असायचं. अडचण अशी, की शरीर बिघडायला लागतं ते आतून, आणि आकडा बिघडतो तो नंतर. दूध वर आलेलं दिसल्यावर शेगडीकडे धावण्यासारखं ते होतं. डॉक्टर कितीही हुशार असला तरी शरीराच्या मागेच असायचा.

अग्रदर्शकानं कोट्यवधी ऑपरेशनांच्या नोंदी पचवल्या होत्या. पेशंटच्या अंगावरच्या तारांमधून येणारी माहिती घेऊन हे शरीर आणखी काही मिनिटांनी कुठे असेल, ते तो काढायचा आणि पडद्यावर तेच दाखवायचा. रक्तदाब कोसळायच्या आधी औषध जायचं, श्वास अडकायच्या आधी हवा वाढायची. सुरुवातीला पडद्यावर दोन रेघा असायच्या, एक आत्ताची आणि एक पुढची. डॉक्टरांचा घोटाळा व्हायला लागला. घाईत ते भलतीच रेघ बघायचे. मग यंत्रासाठी नेमलेल्या सरकारी समितीनं आत्ताची रेघ काढून टाकली. भुलेखाली दगावणारी माणसं इतकी कमी झाली, की त्या वर्षी पेढे वाटले गेले.

आणि कधी कधी यंत्र पुढच्या सगळ्या वाटा तपासायचं. हे औषध दिलं तर काय, ते दिलं तर काय, छाती दाबली तर काय. सगळ्या वाटा शून्यावर जात असतील तर पडद्यावर एक शब्द यायचा. निरुपाय. तो आला की सगळे हात थांबायचे, सगळी यंत्रं बंद व्हायची, आणि दाखल्यावर मृत्यूची वेळ म्हणून तीच वेळ पडायची.

सुवर्णाच्या मातीनंतरच्या दोन महिन्यांत अप्पा तीन वेळा इनामदारांकडे गेले. दोन वेळा भेट झाली नाही. तिसऱ्यांदा ते दवाखान्याच्या दारातच, गाडीसमोर उभे राहिले.

"नाडी होती का नव्हती, एवढंच सांगा."

इनामदार किल्लीशी चाळा करत होते. "अप्पा, मला माहीत नाही. आम्ही पडद्यावरचं बघतो. नाडी हातानं बघायला मला कुणी शिकवलेलं नाही."

"डॉक्टर आहात ना तुम्ही?"

"यंत्र केळुसकर मॅडमनी बनवलं. पुण्याला असतात. त्यांना विचारा."

वसुधा केळुसकर सत्तरीच्या होत्या, निवृत्त झाल्या होत्या. अप्पा गेले तेव्हा त्या ताटात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी अप्पांचं सगळं ऐकून घेतलं. सोलणं थांबलं नाही, पण दाणे टरफलांत पडायला लागले होते.

"होती नाडी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला भास झाला नाही."

अप्पांनी खुर्चीचा हात धरला. इतके दिवस त्यांना हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर ते उठून या बाईच्या अंगावर जातील की काय, असं त्यांना स्वतःलाच वाटलं.

"निरुपाय म्हणजे मेला असं नाही," बाई सांगू लागल्या. "निरुपाय म्हणजे काही मिनिटांनी मरणार, आणि आपल्याला अडवता येणार नाही. तो शब्द येतो तेव्हा हृदय चालूच असतं. प्रत्येक वेळी."

"आणि तुम्ही श्वासाची नळी सोडवता."

"हो. भुलेत स्नायू सैल केलेले असतात, स्वतःहून श्वास घेता येत नाही. नळी सोडवली की लवकर संपतं."

"म्हणजे यंत्र म्हणालं मरणार, म्हणून तुम्ही मारलीत."

"ती मरणारच होती, नागनाथराव. यंत्राचा निरुपाय चुकलेला नाही. गेल्या नऊ वर्षांत एकदाही नाही."

"चुकणार कसा? तो शब्द आल्यावर कुणी पुढे प्रयत्न केलाय?"

बाईंनी हातातली शेंग न सोलताच ताटात टाकली.

"माझं भांड्यांचं दुकान आहे. डबा गळका नाही हे मी गिऱ्हाइकाला पाणी भरून दाखवतो. पाणी भरूच नका, म्हणजे गळणार नाही, असं सांगायला लागलो तर लोक जोड्यानं मारतील मला."

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. हात पुसले. "पहिल्या वर्षी प्रयत्न केले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हाचे डॉक्टर जुने होते. निरुपाय दिसला तरी सवयीनं मानेला हात लावायचे. नाडी लागायची. मग त्यांना थांबता यायचं नाही. तास तास छाती दाबत बसायचे. बाहेर दुसरे पेशंट खोळंबायचे, रक्ताच्या पिशव्या संपायच्या. असं चाळीसएक वेळा झालं."

"आणि?"

"बहुतेक सगळे गेले. यंत्रानं सांगितलं होतं तसेच."

"बहुतेक म्हणजे?"

"तिघं वाचले."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"एक बाई अजून आहेत. मिरजेकडे. नातवंडं आहेत त्यांना." केळुसकर बाई त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या. "मी समितीला म्हटलं, तिघं वाचले म्हणजे यंत्र अजून कच्चं आहे, शिकवू या त्याला. समितीनं हिशेब मांडला. या तिघांसाठी जेवढा वेळ गेला, तेवढ्यात बाहेरचे किती वाचले असते. बरोबर होता हिशेब. मी तपासला. मग नियम आला. निरुपाय आल्यावर शरीराला हात लावू नये. त्यानंतर यंत्र कधीच चुकलं नाही."

"तुम्ही सही केली त्या नियमावर?"

"केली."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. अप्पांना इतका राग आला होता, की तो कुठे ठेवायचा ते कळेना. समोरची बाई खोटं बोलली असती तर सोपं गेलं असतं.

"तुमच्या मुलीला दिवस गेलेत म्हणालात," बाईंनी विचारलं.

"बाळ आडवं आहे. पोट उघडावं लागणार."

"यंत्राशिवायचं शल्यगृह आता कुठे मिळणार नाही. आणि मिळालं तरी नेऊ नका. आत्ताची रेघ वाचणारा डॉक्टर उरलेला नाही. माझी मुलगी असती तर मी तिला यंत्राखालीच ठेवली असती. हजारात एखादीला तो शब्द येतो. पूर्वी याच्या कितीतरी पट जायच्या."

"ती एखादी माझी बायको होती," अप्पा म्हणाले आणि उठले.

बाई दारापर्यंत आल्या. "मी समितीला पुन्हा लिहीन. माझं ऐकतील असं नाही."

"लिहा. सही करता आली तुम्हाला, लिहिताही येईल."

परतीच्या बसमध्ये अप्पा सुवर्णाच्या मरणाचं खरंखोटं करत बसले. गुठळी मोठी असेल. ती गेलीच असती असंही असेल. चाळिसांतल्या सदतिसांत तिचं नाव असेल. पण हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं, देवालासुद्धा विचारून उपयोग नव्हता, कारण ते घडूच दिलं नव्हतं. ती मेली म्हणून यंत्र बरोबर ठरलं होतं. आणि तिच्यासारखी आणखी एक बरोबर नोंद घेऊन ते शेजारच्या खोलीत पुढच्या माणसावर चालू झालं होतं.

घरी आल्यावर त्यांनी शिवलीलाला सगळं सांगितलं. लपवणार होते, जमलं नाही. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती.

"अप्पा, मी तिथंच जाणार," ती म्हणाली. "दुसरीकडे नेऊन काय करणार? सुईण शोधणार?"

"मी नको म्हणतोय का?"

"मग चेहरा असा का केलाय?"

"चेहरा आहे तसाच आहे."

"आईपण हेच म्हणायची, तुमच्या चेहऱ्याला झाकण नाही." ती हसली, मग रडायला लागली. अप्पा तिच्यासाठी पाणी आणायला गेले आणि माठाशी उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते इनामदारांकडे गेले. या वेळी डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि स्वतः खुर्ची पुढे केली.

"मुलीला तुम्हीच भूल देणार ना?"

"हो."

"तो शब्द आला तर हात लावायचा. एवढंच मागायला आलोय."

"अप्पा, यंत्राला कळतं. निरुपायानंतर कुणाचा हात लागला तर नोंद होते. माझा परवाना जाईल."

"जाईल."

"आणि समजा लागली नाडी. लागणारच. मग मी काय करू? औषधं बंद झालेली असतील, पडदा बंद असेल. मी पडद्याशिवाय कधी एक ऑपरेशन केलेलं नाही. काही येत नाही मला."

"छाती दाबता येते ना? नळी परत जोडता येते ना? जे येईल ते करा. पण ती जिवंत आहे हे हाताला कळून मग थांबा. आम्हाला बाहेर येऊन खोटं सांगू नका."

"मी खोटं बोललो नव्हतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे."

इनामदारांनी खाली बघितलं. त्यांचे हात टेबलावर होते, तरुण, धुऊन धुऊन कोरडे पडलेले. "त्या शनिवारनंतर मी निरुपायावर आणखी एकदा थांबलोय," ते म्हणाले. "बार्शीकडचा मुलगा होता. तुम्ही म्हणाला होता ते आठवलं. लावावा वाटला हात."

"लावलात?"

"नाही."

 अप्पांच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यांनी गिळली, कारण सोमवारी याच हातांत मुलगी द्यायची होती. ज्याच्यावर ओरडायचं त्यालाच धरून राहायचं, अशी वेळ त्यांच्यावर आली होती. ते उठले, चप्पल घातली.

"सोमवारी सकाळी आणतो तिला. तोवर सांगा."

"विचार करतो, अप्पा."

केळुसकर बाईंचं पत्र समितीकडे गेलं आहे. त्याला उत्तर आलेलं नाही. सुवर्णाच्या दाखल्यावरची वेळ कुणी दुरुस्त केलेली नाही. हात लावू नये, हा नियम आहे तसाच आहे. आज रविवार आहे, शिवलीलाची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, आणि इनामदारांनी अजून हो म्हटलेलं नाही.