आधी कपाळ बघ

अगं रुचिता, सोड आता त्याला. अर्धा तास झाला, सुमित बिचारा भुवया वर करतोय. डॉक्टरकीची परीक्षा तुझी आणि कपाळ दुखतंय भावाचं. नाही नाही, माझ्यावर नको. तो टॉर्च ठेव बाजूला. माझी तपासणी तुला झेपायची नाही. आणि तू रे, माझ्या मानेकडे बघून हसू नकोस. हलते ती, माहीत आहे मला. सगळं वर्तकनगर हसतं.

बसा. लाइट येईपर्यंत एक सांगतो, तुझ्याच अभ्यासातलं. झालेली गोष्ट आहे, रचलेली नाही.

मी कल्याणला सुदेश डॉक्टरांकडे बावीस वर्षं कंपाउंडर होतो. मोठा हुशार माणूस. पेशंट आला की मी ट्रे धरायचा: साबणाची वडी, टॉर्च, कापूस, कानाशी धरायचा तो घुमणारा चिमटा. मग डॉक्टर एकेक नस तपासायचे. वास बघ, नजर बघ, बोटामागे डोळे फिरव, दात दाखव, जीभ काढ, खांदे उचल. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा तू आत्ता घोकतेयस ना, त्या मी ट्रे धरून शिकलो. आणि एक गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितलेली. "काळुराम, तोंड वाकडं झालेला माणूस आला की आधी कपाळ बघ. एका बाजूला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, तर बिघाड चेहऱ्याच्या नसेत. बहुतेक बरा होतो. पण तोंड वाकडं आणि आठ्या मात्र दोन्हीकडे सारख्या, तर बिघाड वर मेंदूत. मग बोलत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल."

महेंद्र त्यांचा शाळेपासूनचा मित्र. आंबिवलीला पिठाची गिरणी होती त्याची. पापण्यांनासुद्धा पीठ लागलेलं असायचं. १९ जानेवारी २०२३, गुरुवार. सकाळी साडेनऊला दारात हजर. म्हणाला, "सुद्या, चहा पितोय तर कोपऱ्यातून गळतोय बघ." आणि हसला. तोंड एकीकडे ओढलं गेलं.

डॉक्टरांच्या मुलाचा त्या दिवशी नाशिकला साखरपुडा. कोट चढवलेला, खाली गाडीचा हॉर्न वाजतोय. त्यांनी उभ्या उभ्या बघितलं, पाठीवर थाप मारली. "वारं लागलंय रे. कान बांधून ठेव, ह्या गोळ्या घे. परवा आलो की बघतो."

कपाळ बघितलं नाही. मी बघितलं. हसताना महेंद्रच्या भुवया वर गेल्या होत्या आणि आठ्या पडल्या होत्या… दोन्हीकडे.

मी म्हटलं, "साहेब, कपाळ…"

"डॉक्टर तू आहेस का मी?"

मी गोळ्यांची पुडी बांधून दिली. महेंद्र गोळ्या घेऊन घरी गेला. त्याच रात्री, दहा चाळीसला, अँब्युलन्समध्येच जीव गेला त्याचा.

तेराव्याला आम्ही दोघं आंबिवलीला गेलो. त्याची बायको, कांता, समोर येऊन बसली. म्हणाली, "भावजी, हे सकाळी तुमच्याकडेच आलेले ना? मग असं कसं झालं?"

डॉक्टर नुसतं चुकलो म्हणाले असते ना, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. चूक कोणाची होत नाही? पण हा माणूस काय म्हणाला? "वहिनी, मी हात जोडून सांगितलं त्याला, आत्ताच्या आत्ता ॲडमिट हो. ऐकलंच नाही. गिरणी बंद राहील म्हणाला." खापर फोडलं ते मेलेल्या मित्राच्या डोक्यावर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि वर माझ्याकडे वळून, "विचारा काळुरामला. तिथेच होता तो. काय रे?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडानं एक शब्द बोललो नाही हं. नुसती मान. तेवढीच पुरली. कांता उठली, नवऱ्याच्या फोटोचा हार काढला आणि म्हणाली, "गिरणीपुढे माझा विचारसुद्धा आला नाही ह्यांच्या मनात." बाईला नवरा गेल्याचं दुःख होतंच. आता त्यानंच दगा दिल्याचं दुःख आम्ही तिच्या पदरात टाकून आलो.

वर्ष गेलं. १९ जानेवारी २०२४, शुक्रवार. अमावस्या वगैरे काही नव्हती रे सुमित. डॉक्टर म्हणाले, "काळुराम, तू जा. शटर मी लावतो." पुढचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. जसं सांगितलं तसं सांगतो.

शटर अर्धं खाली होतं. दहा चाळीस झालेले. एक माणूस वाकून आत आला. डोक्याला, तोंडाला मफलर गुंडाळलेला. थंडी होती, त्यात नवल नाही. खुर्चीत बसला. बोलणं जड.

"तोंड वाकडं झालंय."

"नाव?"

"सांगतो. आधी तपासा."

महेंद्र गेल्यापासून डॉक्टर कोणाचीच तपासणी अर्धी सोडत नसत. ट्रे स्वतःच ओढला. साबण नाकाशी धरला.

"कसला वास येतो?"

"पिठाचा."

डॉक्टरांनी वडीकडे बघितलं. साबणच होता. पुढे गेले. बोटाकडे बघा. डोळे फिरले… वर, खाली, सावकाश. टॉर्च मारला. बाहुली लहान झाली नाही. दुसऱ्या डोळ्यात मारला. नाही. सेल संपलेत वाटलं, म्हणून आपल्याच हातावर टाकून बघितला. झगझगीत उजेड.

कापसाची बारीक वात केली. बुबुळाला लावली.

पापणी मिटली नाही.

रुचिता, कळलं ना तुला? कळलं असेल तर बोलू नकोस. बाहुली लहान होत नाही, पापणी मिटत नाही, तो माणूस खुर्चीत बसून बोलत नसतो.

पण हाताला सवय. तोंडातून आपोआप निघालं…

"भुवया वर करा."

त्यानं मफलर मागे सरकवला.

तोंड एकीकडे ओढलेलं. कपाळावर आठ्या. दोन्हीकडे. सारख्या. आठ्यांच्या रेघांत पीठ भरलेलं.

"आज बघितलंस, सुद्या?"

…

"चुकलास, त्याचं काही नाही रे. पण कांताला असं का सांगितलंस?"

…

"ती बोलत नाही माझ्याशी."

डॉक्टर खुर्चीला खिळलेले. तो उठला. शटरखाली वाकला. वाकता वाकता वळला.

"नाहीतर काळुरामला विचार. तिथेच होता तो. काय रे?"

सकाळी मी दवाखाना उघडायला गेलो तेव्हा डॉक्टर तिथेच, टॉर्च हातात चालूच. मला सगळं सांगितलं. मी समोर उभा राहून ऐकत होतो. ऐकताना आपण मान हलवतो ना, तशी हलवत होतो. त्यांचं सांगून झालं.

मान थांबली नाही.

हातानं धरली. हात हलायला लागला तिच्याबरोबर. डॉक्टरांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. महिन्याभरात दवाखाना विकून मुलाकडे नाशिकला. बावीस वर्षं ट्रे धरला मी त्यांचा. आता माझा फोन उचलत नाहीत. मित्राला सोडलं, मला काय धरून ठेवणार होते?

मग मीच गेलो आंबिवलीला. म्हटलं, निदान आपण तरी खरं सांगू. कांताच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. "वहिनी, डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलंच नव्हतं. महेंद्रभाऊ गोळ्या घेऊन मुकाट घरी आले. त्यांची काही चूक नाही."

ती बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही… मानेकडे.

"खरं सांगा भाऊ. डॉक्टरांनी सांगितलेलं ना ह्यांना?"

"नाही हो, नाही!"

तोंडानं नाही म्हणतोय. आणि मान…

"मेलेल्या माणसाला पाठीशी घालू नका," म्हणाली. "तुमची मानच सांगतेय खरं काय ते." दार लावलं. मागच्या भिंतीवर फोटो दिसला मला. हार नव्हता.

दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मेंदूचे फोटो काढले, बाराच्या बारा नसा ठणठणीत. म्हातारपणाचा कंप म्हणाले. तू काय शिकलीस, रुचिता? असा कंप झोप लागली की थांबतो ना? हो, मलाही डॉक्टरांनी तसंच शिकवलेलं.

तुझी काकू रात्री उठून बत्ती लावते. मी गाढ झोपेत असतो म्हणे. घोरत असतो. आणि उशीवर मान हलत असते… हो… हो… हो…