पालथी बरणी

माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक सायकल आणतं, मी ती पालथी घालतो, चाक फिरवून बघतो, दुरुस्त करतो. माझी बायको धान्याच्या गोदामात माल तपासायची. शेंगदाणे, मका, काय येईल त्यात बुरशी शोधायची. घरीही तेच. जी बरणी तिला नापास वाटे, ती ओट्यावर पालथी घालून ठेवायची. म्हणजे टाकून द्यायची.

मी ती परत सरळ करायचो. पावाचा हिरवा कोपरा कापायचो आणि उरलेला पाव चहाबरोबर खायचो.

"अहो, वर दिसतं ते नुसतं फूल. मुळं आत गेलेली असतात. ते विष भाजूनही जात नाही, यकृतात जाऊन बसतं."

"तीस वर्षं खातोय. काय झालं?"

"देवाने नाक कशाला दिलंय तुम्हाला? चष्मा अडकवायला?"

"मी पालथी घातलेली सायकल पुन्हा पळते की नाही?"

"सायकल दुरुस्त होते. दाणे होत नाहीत."

हे भांडण आम्ही हौसेने भांडायचो. गेल्या वर्षी ती गेली. सकाळी चप्पल घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. मग ओटा रिकामा वाटायला लागला. भांडायला कोणी नाही, तर पाव कापण्यातही मजा नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी शेंगदाण्यांची बरणी ओट्यावर पालथी दिसली. म्हटलं, वय झालं. सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथी. तिसऱ्या दिवशी मी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या खिशात होती. आत बरणी पालथी होती.

शेजारच्या शिंप्याला सांगितलं. तो दाताने दोरा तोडत म्हणाला, "वहिनी अजून रिटायर झाल्या नाहीत वाटतं."

दाणे दिसायला चोख होते. वासही नव्हता. तरी मूठभर कागदात बांधून गोदामात नेले. बायकोच्या जागी आलेल्या मुलीने ते तपासले, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, हे खाल्ले नाहीत ना?"

"थोडे. रोज."

"टाकून द्या. बरणीसकट."

खरं सांगतो, मला आनंद झाला. घरी येताना मी शीळ घालत होतो. दारातूनच म्हणालो, "जिंकलीस बाई."

तेव्हापासून पालथं दिसेल ते टाकायचं, असा नियम केला. मक्याचं पीठ गेलं, अक्रोड गेले, बिस्किटांचा डबा गेला. रोज उठलो की आधी ओट्यावर जायचो, गंमत बघायला. बोलायचो तिच्याशी. भूकही लागायला लागली.

माझ्या मुलीने मात्र हट्टाने डॉक्टरकडे नेलं. "बाबा, तुमचे डोळे पिवळे दिसताहेत." डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून बघितलं आणि दाबलेली बोटं बराच वेळ तिथंच ठेवली. रक्त घेतलं. गुरुवारी कळेल म्हणाले.

आठवडाभर ओट्यावर सगळं सरळ होतं. मुलीला फोनवर सांगितलं, "तुझी आई खूश आहे. सगळं पास."

गुरुवारी जाग आली तेव्हा नाक उशीत रुतलं होतं.

मी पालथा होतो.

जन्मभर मी उताणाच झोपत आलो. घोरण्यावरून ती मला किती बोलायची.

आधी हसू आलं. म्हटलं, सायकल समजून घातलं असेल.

मग उठायला गेलो. उठता येईना. पांघरूण चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेलं होतं, ती खोचायची तसं.