पायाळूच्या अंगणातले चार रविवार

जागेश्वर मास्तरांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आमच्या अंगणात चटईवर पालथे पडले होते आणि माझा डावा पाय त्यांच्या पाठीवर होता.

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या कोंढा गावात कोणाची पाठ धरली की तो रविवारी सकाळी पायाळूकडून लाथ लावून घेतो. मास्तर भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे, आमच्या शाळेत नव्यानेच बदलून आलेले. मी टाच तीनदा हलकेच टेकवली.

“दुखलं काय, मास्तर?”

“नाही जी. बरं वाटून राहिलं.”

“मंग उठा.”

“थोडं पडू द्या नं... गुण येऊन राहिला.”

मी हसू दाबलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही.

“गुण आला म्हणता, मंग पुन्हा कायले येता?”

“तुमचा गुण सातच दिवस टिकते, धुरपताबाई.”

खोटं कशाला सांगू, शनिवारपासूनच माझं लक्ष फाटकाकडे लागायचं.

चौथ्या रविवारी मात्र त्यांना वाकून चपलासुद्धा काढता येईना. मी पाय ठेवण्याआधी पाठीला हात लावून पाहिला. अंग तापलेलं, आणि मधल्या मणक्याशी बोटभर उंचवटा.

“खरं सांगा. कमी हाय का वाढलं?”

“वाढूनच राहिलं... पयल्या दिवसापासून.”

“अन् मले बरं वाटते म्हणून सांगत होते?”

“वाटत होतं नं,” ते चटईकडे बघत म्हणाले, “पाठीचं नव्हतं ते.”

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी लाजले असते. त्या दिवशी मला धडकीच भरली. “आजपासून लाथ बंद. उद्याच्या एस्टीनं भंडाऱ्याले जा, फोटो काढा.”

एक्स-रेत काही निघालं नाही. पण डॉक्टर जुने, जाणते होते. रोज संध्याकाळी चढणारा ताप त्यांना खटकला. हाड झिजेपर्यंत रोग साध्या फोटोत दिसत नाही, ते म्हणाले. मुंबईला चुंबकाचं नवं मशीन आलंय, त्यात आतला पू आधीच दिसतो. उशीर केला तर पाय जातील.

मास्तर मुंबईला गेले. मी माझ्या पायांकडे बघत महिना काढला. लाथेसाठी आलेल्या दोघांना दारातूनच परत पाठवलं.

ते आले ते कमरेला पट्टा बांधून, सावकाश चालत. त्यांच्या आधी गावात बातमी पोचली होती, मास्तरला क्षय आहे. आईने चहा दिला तो दांडी तुटलेल्या कपात, आणि ती लगेच आत गेली.

“कसं होतं मशीन?” मी विचारलं.

“बोगदाच. पाऊण तास हलाचं नाही. अन् आवाज असा, जसं भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकून राहिले.”

“भेव वाटलं?”

“तुमच्याशी आता खोटं बोलत नाही. वाटलं.”

दोन मणक्यांच्या मधे पू साठला होता. सुईने काढून तपासला, क्षयच निघाला. पण हाडं शाबूत होती. दीड वर्ष गोळ्या, की चालणंफिरणं पहिल्यासारखं.

“माह्या लाथेनं झालं काय?” महिनाभर मनात दाबून ठेवलेलं मी विचारून टाकलं.

“नाही. डॉक्टरले मीनं पयलं हेच विचारलं. रोग आधीचाच होता. तुमी वेळेवर थांबल्या म्हणून मी चालून राहिलो.”

मी पदर तोंडाला लावून रडले.

मग त्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि कप माझ्यापासून लांब सरकवला. “हा हाडाचा क्षय दुसऱ्याले लागत नाही म्हणते डॉक्टर. पण लोकाले कोण समजावते? तुमाले एक सांगाचं होतं... जाऊ द्या. आता कोणत्या तोंडानं सांगू?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी तिच्यासमोरच तो कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

“आता सांगा, मास्तर,” मी म्हटलं.